दोरीवर वाळत घातलेलं पोलाद

१ ऑगस्ट

पार्सल आलं आणि दार नेमकं नेलिदाने उघडलं. मी म्हटलं, पडद्याचा रॉड आहे. तिने पार्सल हातात तोलून पाहिलं.

"वीतभर रॉड? खिडकी कुठली, उंदराच्या बिळाची?"

इतकी वर्षं चष्मे विकले, न शोभणाऱ्या फ्रेमा भल्याभल्यांच्या गळ्यात मारल्या, पण घरच्या बाईपुढे माझी डाळ शिजत नाही.

आत पोलादाच्या सात पट्ट्या होत्या, सात जातींच्या. दुकान विकल्यापासून मला हा एकच नाद आहे. वेगवेगळं पोलाद मागवायचं, गॅरेजमध्ये घासून त्याचे चाकू करायचे आणि कुठलं किती गंजतं ते बघायचं. नेलिदा म्हणते, दारू पीत असतास तर लोकांना सांगायला तरी सोपं गेलं असतं.

मार देल प्लातात गंजाला काय तोटा! बाल्कनीचे कठडे, सायकली, चर्चच्या फाटकाची कडी, समुद्रावरचा वारा कुणाला सोडत नाही. म्हणजे प्रयोगशाळा फुकटची. सातही पट्ट्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगल्या. रोज सकाळी बादलीतलं समुद्राचं पाणी शिंपडायचं आणि दुकानातून आणलेल्या भिंगाने बघायचं.

९ ऑगस्ट

पहिला निकाल लागला. साध्या कार्बनच्या पोलादाला वस्तऱ्यासारखी धार येते, पण ते दुसऱ्याच दिवशी तांबडं झालं. डी-टू म्हणून एक आहे, ते 'जवळजवळ गंजत नाही' असं सांगून विकतात. माझा मेहुणा रामोन जवळजवळ नोकरी करतो, त्यातलीच गत. नेहमीचं स्टेनलेस स्वच्छ राहिलं, पण त्याची धार टोमॅटोपुढे मान टाकते. आणि ते महागडं, भुकटी दाबून बनवलेलं पावडर स्टील, त्याच्यावर भिंगाखालीसुद्धा डाग नाही!

मी आनंदाने ओरडलो. खालून नेलिदाने विचारलं, "काय रे, अर्जेंटिना जिंकली का?"

माझा पहिला खरा चाकू याच पोलादाचा होणार.

१७ ऑगस्ट, रविवार

आज बाल्कार्सेला व्याह्यांकडे जेवण होतं. ऑक्टोबरमध्ये आमची रोमिना त्यांच्या लाउतारोशी लग्न करणार आहे आणि तिकडेच राहायला जाणार आहे. तासाभराचा तर रस्ता, असं सगळे मला सांगतात. मी कुणाला काही विचारलेलं नाही.

व्याही एव्हारिस्तो खाटीक आहेत. खांद्याने दारापेक्षा रुंद आणि आवाजाने त्याहून. मांस जाळीवरून उतरलं तसे सगळ्या पुरुषांनी रिवाजाप्रमाणे आपापले चाकू काढले. मी माझा नवा काढला. व्याह्यांनी तो घेतला, उजेडात धरला, नखाने टिचकी मारली.

"सुरेख. व्याहीबुवा, ऑपरेशन कुणाचं आहे?"

सगळं टेबल हसलं. रोमिनासुद्धा. माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या म्हणता! व्याह्यांचा चाकू त्यांच्या आजोबांनी मेंढ्या भादरायच्या कात्रीच्या पात्यापासून केलेला. शुद्ध कार्बन, करडा पडलेला. मी म्हटलं, "हा आमच्या गच्चीवर एक रात्र काढणार नाही."

ते म्हणाले, "गच्चीवर कशाला ठेवू? चाकू काय वांगी वाळवायला घातलेत?"

तेवढ्यावर भागलं असतं, पण पुढे म्हणाले, "बरं, लग्नाचं आसादो मी भाजणार. कोकरं माझी आहेत."

मी म्हटलं, "घर माझं, मुलगी माझी, जाळी माझी. मी भाजणार."

हा काही हट्टाचा प्रश्न नाही. आसादोत, म्हणजे आमच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाच्या मेजवानीत, जो निखाऱ्यापाशी उभा राहतो तो त्या दिवसाचा राजा. जेवता जेवता कुणीतरी ओरडतं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि सगळे हात त्याच्यासाठी वाजतात. माझ्या अंगणात, माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात, टाळ्या बाल्कार्सेच्या खाटकाला? मेलो तरी नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, आमच्याकडेच असतात आणि जेवताना एरवी फक्त मीठ मागतात. म्हणाल्या, "कोंबड्यांसारखे झुंजू नका. दोघांचे चाकू मिठाच्या पाण्यात बुडवा आणि आमच्या गच्चीवर टांगा. लग्नाआधीच्या रविवारी ज्याचा चाकू स्वच्छ, तो जाळीवर उभा राहील. दुसऱ्याने गुपचूप टेबलावर बसायचं. राखण मी करीन."

मला हसू दाबताना ठसका लागला. कार्बनचं पातं, आमची गच्ची, सहा-सात आठवडे! व्याही बिचारे लगेच तयार झाले. निघताना त्यांनी सासूबाईंना डुकराच्या चरबीचा मोठा डबा दिला, गोड पुऱ्या तळायला. माणूस तसा भोळा आहे.

२० ऑगस्ट

दोन्ही चाकू टांगले. अट अशी की सासूबाईंखेरीज कुणी हात लावायचा नाही. त्या स्टूल, जपमाळ आणि माते नावाच्या कडू चहाचा कप घेऊन वर जाऊन बसतात. म्हटलं, थंडी आहे, आजारी पडाल. म्हणाल्या, "या घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी काम दिलंय. तू नको काळजी करू."

२८ ऑगस्ट

माझा चाकू लख्ख. अपेक्षितच होतं.

व्याह्यांचाही लख्ख. हे काय आहे?

शेजारी माझी तशाच पोलादाची पट्टी विटेसारखी तांबडी झाली आहे आणि त्यांचं पातं आहे तसं, उलट जरा तुकतुकीतच. बोट लावून बघायला गेलो तर सासूबाईंनी हातावर लाकडी डाव हाणला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी नेम असा!

विचार करकरून एक उपपत्ती सुचली. कात्री मेंढ्या भादरायची. मेंढीच्या लोकरीत मेण असतं. इतक्या वर्षांत ते मेण पोलादात मुरलं असणार. इंटरनेटवर आमचा चाकूवेड्यांचा गट आहे, तिथे हे लिहिलं. सगळ्यांनी वाहवा केली. एकाने तर मेंढी कुठे मिळेल म्हणून विचारलं.

३ सप्टेंबर

परवापासून आग्नेयेचं वादळ. आज उघडलं आणि आकांत झाला. रोमिनाच्या लग्नासाठी सासूबाईंनी भरतकाम केलेला टेबलक्लॉथ नेलिदाने वादळाआधी दोरीवर घातला होता आणि काढायला विसरली. माझ्या पट्ट्यांचं तांबडं पाणी त्यावर ओघळलं. मधोमध पाच डाग.

नेलिदा आधी ओरडली आणि मग बोलायची थांबली. थांबली तेव्हा मी खरा घाबरलो. सासूबाई मात्र शांत. अंगणातल्या झाडाची लिंबं तोडली, डागांवर मीठ आणि लिंबू चोळलं, उन्हात टाकलं. संध्याकाळी कापड दुधासारखं पांढरं.

मी कौतुकाने समजावलं, "सासूबाई, आम्ल आणि मीठ एकत्र आलं की धातूला फार जोरात खातं. म्हणून गंज सुटला. चांगल्यातल्या चांगल्या पोलादालासुद्धा ते सहन होणार नाही."

"हो का?" त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. या वयात नवीन शिकायची हौस पाहून बरं वाटलं.

१० सप्टेंबर

नेलिदाने मला स्वयंपाकघरात उभं करून झापलं. तारेच्या घासण्या एकामागून एक गायब होताहेत आणि चोर मी आहे म्हणे. मी! मी पोलादाला तारेची घासणी लावीन? तिचे लोखंडी कण पात्यात रुततात आणि मग तेच गंजू लागतात. आमच्या गटातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर सविस्तर सांगितलं. सासूबाईंनी मन लावून ऐकलं. नेलिदाने नाही.

झाडावरची लिंबंही संपत आलीत. आणि चरबीचा डबा अर्धा झालाय, पण गोड पुरी अजून एकही दिसली नाही. या घरात कोण काय खातं कळत नाही.

१३ सप्टेंबर

रोमिना गॅरेजमध्ये आली. मी एक मूठ घासत होतो.

"बाबा, वॉल्ट्झचा सराव कधी करायचा?"

"कुठला वॉल्ट्झ?"

"लग्नातला. वडील आणि मुलीचा. साऱ्या जगात करतात, बाबा."

म्हटलं, पोरी, जाळीवरून हलता येत नाही, मांस करपतं. तुझ्या पंधराव्या वाढदिवसाला आठवतं ना? ऐंशी माणसं होती. मी जागचा तसूभर हललो नाही. वॉल्ट्झ रामोनमामाने केला तुझ्याशी, आणि मांस? लोक अजून नाव काढतात! त्या दिवशीच्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

ती म्हणाली, "मलाही आठवतं, बाबा. मी तुझी पाठ बघत नाचले होते."

मी म्हटलं, काळजी करू नको, यंदाही असंच मांस होईल. ती उगीच उभी राहिली, मग वर गच्चीवर आजीकडे गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. लग्नाआधी मुली हळव्या होतात.

१९ सप्टेंबर

डाग.

माझ्या चाकूवर. मुठीजवळ, खसखशीएवढा, तांबूस. आधी वाटलं भिंगावर काही आहे. भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. मग डोळे. डाग तिथेच.

कुणाला सांगितलं नाही. जेवताना नेलिदाने विचारलं, "तोंड का असं?" म्हटलं, दाढ. तिने लवंग दिली आणि समोर उभी राहून चावायला लावली.

२५ सप्टेंबर

आता डागच डाग. धारेवर सुईच्या टोकासारखे खड्डेही पडलेत. ब्वेनोस आयरेसच्या पोलाद विकणाऱ्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, या पोलादाचं असं होऊच शकत नाही. कुणीतरी मुद्दाम केल्याशिवाय नाही. तुमचं कुणाशी वैर आहे का?"

"छे! घरात फक्त बायको, मुलगी आणि सासू."

मग तो म्हणाला, "सर, मी काय बोलणार?" आणि फोन ठेवला. चोर तो चोर, वर शिरजोर.

४ ऑक्टोबर

उद्या निकाल. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. आज दुपारी सगळे झोपले असताना पॉलिशची ट्यूब खिशात घालून मी गच्चीवर गेलो. चाकू चमकवायचा विचार होता. लबाडी आहे, ठाऊक आहे. पण डोळ्यांपुढे सारखे व्याही येत होते, माझ्या जाळीपाशी, माझा एप्रन बांधून.

सासूबाई स्टुलावर बसलेल्या. झोपत नाही ही बाई?

"काय रे अनिबाल?"

"वारा खायला आलो."

"खा. पुष्कळ आहे." त्यांनी मातेचा कप पुढे केला. माझ्या खिशातल्या ट्यूबकडे बघितलं. मी शेजारच्या उलट्या बादलीवर बसलो. खाली अंगणात रोमिना लाउतारोबरोबर खुर्च्या मोजत होती आणि हसत होती. ते हसणं अगदी लहानपणचं आहे, शेवटी एक उचकी लागते.

मला एकदम भरून आलं. पुढच्या रविवारी हे हसणं या अंगणात नसेल. मी इतके दिवस पट्ट्या टांगतोय, पाणी शिंपडतोय, भिंगातून बघतोय, आणि ती जायची आहे हे मला भिंगाशिवायसुद्धा बघवत नाही. मी ते सासूबाईंना बोलून दाखवलं. रडलोही थोडा.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "मग बघ की तिच्याकडे. दोन ठिकाणी उभं राहता येत नाही रे माणसाला."

म्हटलं, हो, म्हणूनच तर जाळीवर एकच माणूस हवा. त्यांनी आकाशाकडे बघून क्रूसाची खूण केली. चाकूला मी हात लावला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

हरलो.

सासूबाईंनी दोन्ही चाकू ताटात घालून टेबलावर आणले. व्याह्यांचं पातं आरशासारखं, माझ्या पात्यावर देवीच्या रोगासारखे व्रण. पाहुण्यांत कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. व्याह्यांनी माझा चाकू उचलला, बराच वेळ पाहिला, हुंगला, आणि भुवया वर करून सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

ते मला म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्हाला हवं तर आपण दोघं मिळून..."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "पैज म्हणजे पैज. अनिबाल टेबलावर बसेल. रोमिनाच्या शेजारी."

समुद्राच्या हवेत पावडर स्टीलचं असं का व्हावं, याचं कारण मला सापडलेलं नाही. मेंढीच्या मेणावर मात्र माझा विश्वास बसत चाललाय.

१२ ऑक्टोबर

काल लग्न झालं.

सकाळी सवयीने मी जाळीपाशी गेलो, तर व्याही आधीच निखारे पसरत होते. मला बघून म्हणाले, "चला, बाजूला व्हा, काही सांडाल." माझ्याच अंगणात! दुपारपर्यंत कुठे उभं राहावं, हातांचं काय करावं, मला सुचेना. शेवटी नेलिदाने दंड धरून मला रोमिनाशेजारच्या खुर्चीवर बसवलं. "इथून उठलास तर खबरदार." मग माझा टाय सरळ केला आणि तसाच धरून उभी राहिली. तिचेही डोळे भरलेले होते.

बसलो. बसल्यावर कळलं की मुलीच्या लग्नात बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. रोमिना घाबरली की अंगठी फिरवते. लाउतारो तिच्या ताटातल्या मिरच्या न सांगता काढून घेतो. पोरगा चांगला आहे. तिने माझ्या कानात अख्ख्या बाल्कार्सेच्या नातेवाइकांची उणीदुणी काढली आणि मला इतकं हसू आलं की वाइन नाकात गेली. तिकडे व्याही धुरात, डोळे लाल, शर्टाची वाट लागलेली, बायकोने खुणावलं तरी मान वर करायला फुरसत नाही. त्यांच्या मुलाने केक कापला तेव्हा ते कोकराची मांडी उलटत होते. मला वाईट वाटलं. म्हटलं, जाऊन सांगावं, सोडा हो ते मांस. पण खुर्चीवरून उठायची परवानगी नव्हती.

सासूबाई माझ्यापलीकडे बसल्या होत्या. दोन पेले झाल्यावर म्हणाल्या, "तुझं पोलाद चांगलं होतं हं, अनिबाल. फार चांगलं होतं. माझी बोटं सोलवटून निघाली." वय झालं त्यांचं, काहीही बोलतात.

मग वॉल्ट्झ लागला. सराव नव्हता. पहिल्याच गिरकीला रोमिनाच्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, "असू दे, बाबा, दे पाय, पण थांबू नको." मी थांबलो नाही. तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि ती रडत होती, हसत होती, मध्येच ती उचकी लागत होती. मीही रडलो. भर अंगणात, सगळ्या बाल्कार्सेसमोर.

त्यात रामोनला नेमकं तेव्हाच ओरडायचं सुचलं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" व्याही शेवटचं ताट घेऊन उभे होते. सगळं अंगण उठलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारची कुत्री भुंकू लागली. व्याह्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी एकटाच टाळ्या वाजवत नव्हतो. त्यांना वाटलं असणार, माणूस हरल्याचं अजून मनात धरून आहे.

वाटू दे. माझे हात मोकळे नव्हते.